वीरगळ ते कुटुंब निवृत्तिवेतन : महाराष्ट्रातील सैनिकविषयक कृतज्ञतेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

रणांगणावर देह ठेवणाऱ्या अथवा सेवा पूर्ण करून गावी परतणाऱ्या सैनिकाविषयी समाजाने कृतज्ञ असावे, हे तत्त्व सर्व काळांत मान्य झालेले दिसते. तथापि ही कृतज्ञता कोणत्या रूपाने व्यक्त झाली, ती कोणाच्या वाट्याला आली आणि तिच्यातून कोण वगळले गेले, हे प्रश्न वेगळे आहेत. लष्करी इतिहास बहुधा लढाया, सेनानी, तह आणि सरहद्दी यांभोवती फिरत राहतो. लढाई संपल्यानंतर सैनिकाच्या घरी काय घडले, याची नोंद बखरीच्या एखाद्या वाक्यात, एखाद्या अर्जात अथवा गावच्या चावडीवरील शिळेत दडून राहते.

महाराष्ट्राला सैनिकी परंपरा मोठी आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली, पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील अनेक गावांत पिढ्यान् पिढ्या पलटणीत जाण्याची रीत आहे. म्हणूनच कृतज्ञतेच्या बदलत गेलेल्या रूपांचा अभ्यास करण्यास हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो. मध्ययुगीन वीरगळांपासून एकविसाव्या शतकातील कुटुंब निवृत्तिवेतनापर्यंतचा हा प्रवास सरळ रेषेतला नाही. दगडात कोरलेली कृतज्ञता लवकर उभी राहते. हयात माणसांच्या हक्कात ती उतरण्यास मात्र फार काळ लागतो, असे या प्रवासावरून दिसते. हाच मुद्दा प्रस्तुत लेखात मांडलेला आहे.

उद्दिष्टे

१. महाराष्ट्रात सैनिकांविषयीची कृतज्ञता कोणकोणत्या रूपांनी व्यक्त झाली, याचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२. स्मारक, अनुग्रह आणि हक्क या तीन रूपांतील भेद स्पष्ट करणे.
३. सैनिकाच्या कुटुंबाचे, विशेषतः त्याच्या पत्नीचे, या परंपरेतील स्थान तपासणे.

वीरगळ आणि सतीशिळा

महाराष्ट्रातील असंख्य गावांत देवळाच्या आवारात, वेशीपाशी किंवा ओढ्याकाठी वीरगळ आढळतात. सर्वसाधारण वीरगळाची रचना ठरलेली असते. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला अथवा लढताना दाखविलेला असतो; त्यावरील चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात; त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि शिरोभागी कलश व चंद्रसूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य असेतोवर या वीराची कीर्ती राहील, असा त्याचा आशय आहे. गोधनाचे रक्षण करताना पडलेल्या साध्या गावकऱ्यापासून राजाच्या सेवेतील योद्ध्यापर्यंत सर्वांचे वीरगळ सापडतात. मुंबईत बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर तर शिलाहारकालीन नौकायुद्धाची दृश्ये आहेत.

कृतज्ञतेच्या दृष्टीने या शिळांविषयी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख असले तरी महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ लेखविरहित आहेत. वीर पूजला गेला, शेंदूर माखला गेला, पण त्याचे नाव विस्मृतीत गेले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वीरगळाच्या शेजारी अनेकदा सतीशिळा उभी असते. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला उजवा हात हे तिचे चिन्ह. वीराच्या पत्नीला दगडात स्थान मिळाले, ते तिने स्वतः मरण पत्करल्यावरच. मागे राहून मुले वाढविणाऱ्या, शेत कसणाऱ्या वीरपत्नीसाठी या शिल्पपरंपरेत कोणतेही चिन्ह नाही. समाजाने मृत्यूची कदर केली. जगण्याची तरतूद केल्याचे या दगडांवरून तरी दिसत नाही.

मराठेशाहीतील तरतूद

या पार्श्वभूमीवर मराठेशाहीतील व्यवस्था वेगळी भासते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या बखरीत, अफजलखान प्रसंगानंतर (१६५९) शिवाजी महाराजांनी केलेल्या व्यवस्थेची नोंद आहे. पडलेल्या लोकांपैकी ज्यांना पुत्र होते, त्यांच्या पुत्रांची सोय लावली गेली. ज्यांना पुत्र नव्हते, त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन चालू करण्यात आले. जखमींना जखमेचे स्वरूप पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रकमा देण्यात आल्या. बखर प्रसंगानंतर काही दशकांनी लिहिलेली असल्याने तिच्यातील आकडे सावधपणे वापरावे लागतात, हे खरे. पण बखरकाराला विजयाच्या वर्णनात ही माहिती नोंदवण्याजोगी वाटली, हीच बाब महत्त्वाची आहे. विधवेला निम्मे वेतन याचा अर्थ, पतीच्या चाकरीचा काही भाग त्याच्या मृत्यूनंतरही घराकडे येत राहिला पाहिजे, ही कल्पना त्या समाजाला परिचित होती.

पुढे पेशवाईच्या कागदपत्रांत ‘बालपरवेशी’ ही संज्ञा भेटते. चाकरीत कामी आलेल्या माणसाच्या अज्ञान मुलांच्या पालनपोषणासाठी दिलेली नेमणूक किंवा जमीन, असा तिचा अर्थ. मूल कर्ते झाले की त्याने चाकरीस यावे, ही अपेक्षा त्यामागे असे. अर्थात ही तरतूद धन्याच्या मर्जीवर अवलंबून होती. सनद नवी करून घ्यावी लागे. कारभारी बदलला, मुलूख हातचा गेला, की नेमणूक थांबे. कृतज्ञता होती, पण ती अनुग्रहाच्या स्वरूपात होती. अनुग्रह जसा दिला जातो तसा तो काढूनही घेता येतो, हे पुढच्या शतकाने फार कठोरपणे दाखवून दिले.

कोरेगावचा स्तंभ आणि भरतीबंदी

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आणि पेशव्यांचे सैन्य यांच्यात लढाई झाली. कंपनीच्या बाजूने प्रामुख्याने मुंबई लष्कराच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण लढली. या लढाईच्या स्मरणार्थ कंपनी सरकारने स्तंभ उभारण्याचे ठरविले व २६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. स्तंभावर इंग्रजी व मराठी लेख आहेत आणि पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. एकूण ४९ नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाची असून ती महार सैनिकांची मानली जातात.

सामान्य शिपायाचे नाव दगडावर येणे, ही वीरगळांच्या परंपरेत दुर्मीळ असलेली गोष्ट येथे घडली. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाचे नाव सरकारी स्मारकावर इतरांच्या बरोबरीने कोरले गेले. पलटणीने महार समाजाला शिक्षण, पगार, निवृत्तिवेतन आणि काही अंशी प्रतिष्ठा दिली. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे सेवानिवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. त्या वस्तीतूनच अस्पृश्यतेविरुद्धच्या लिखित चळवळीचा आरंभ झाला.

परंतु स्तंभ उभारणाऱ्या राज्यकर्त्यांचे धोरण १८५७ नंतर पालटत गेले. ठराविक जातीजमातीच लढाऊ असतात, या सिद्धांताने लष्कराची फेररचना सुरू झाली. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या मताचे प्रमुख पुरस्कर्ते होते. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. स्तंभावरची नावे तशीच राहिली. त्यांच्या नातवंडांना मात्र पलटणीचे दार बंद झाले. ज्या सरकारने पूर्वजांचे ऋण दगडावर मान्य केले होते, त्याच सरकारला वंशजांच्या बाबतीत ते पाळण्याची कोणतीही बांधिलकी वाटली नाही.

या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज निवृत्त सैनिकांनीच उठविला. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः लष्करातून निवृत्त होऊन दापोली येथे स्थायिक झाले होते. ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’च्या वतीने त्यांनी १८९४ मध्ये सरसेनापतींना उद्देशून अर्ज तयार केला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी हे कार्य पुढे नेले. १९१० मध्ये दक्षिणेतील महारांच्या परिषदेतर्फे भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविण्यात आला आणि लष्कर व पोलीस खात्यात प्रवेश मागण्यात आला. या अर्जांची भूमिका लक्षणीय आहे. पूर्वजांच्या सेवेची आठवण करून देताना अर्जदार बक्षीस मागत नाहीत, सेवेची संधी मागतात. कृतज्ञतेची भाषा येथे प्रथमच हक्काच्या भाषेकडे वळलेली दिसते.

पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासताच सरकारला हे अर्ज आठवले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले. स्वतः एका सुभेदाराचे पुत्र असलेल्या डॉ. आंबेडकरांच्या या भेटीने सरकारी स्मारकाला नवा अर्थ प्राप्त झाला. सरकारने विसरलेले ऋण वंशजांनी स्वतःच्या स्मृतीत जागे ठेवले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या बोधचिन्हात कोरेगावच्या स्तंभाला स्थान मिळाले. स्तंभापासून रेजिमेंटपर्यंत पोहोचण्यास १२० वर्षे लागली.

महायुद्ध आणि आकड्यांच्या शिळा

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर लढला. जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखालील सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत अल अमारा येथे पडलेल्या वेढ्यात हे सैन्य अडकले. उपासमार आणि रोगराई सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्याने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या कैदेत अनेकांचा अंत झाला. दरमहा अकरा रुपये पगारावर गेलेले हे शिपाई सातारा, कोल्हापूर व कोकणातील शेतकरी कुटुंबांतील होते.

युद्धानंतर सरकारने ज्या गावांतून भरती झाली त्या गावांत संगमरवरी शिळा बसविल्या. त्यांचा मजकूर एकाच साच्याचा आहे : या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राणार्पण केले. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात चावडी, शाळा अथवा देवळाच्या भिंतीत अशा शिळा आजही दिसतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. त्या गावातील ४६ जवान या युद्धात कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्मारक उभे आहे.

या ग्रामशिळांवर आकडा आहे, नाव नाही. वाचणाऱ्याला गावाचा सहभाग कळतो. पण कोणाचा मुलगा, कोणाचा पती, हे कळत नाही. खुद्द मेसोपोटेमियात उभारलेल्या बसरा स्मारकाच्या बाबतीत हा भेद आणखी ठळक होता. तेथे ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणीपुढे केवळ संख्या नोंदवली गेली. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात ही विषमता मान्य करून तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. शंभर वर्षांनी आलेली ही दिलगिरी ज्यांच्यासाठी होती, त्यांच्या पत्नी व मुले तोपर्यंत हयात राहिलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर या शिळांवर आणखी एक आपत्ती आली. हे युद्ध साम्राज्याचे होते. त्यामुळे राष्ट्रीय चळवळीच्या स्मृतीत त्याला जागा नव्हती. हुतात्मा स्मारके उभी राहिली तेव्हा गावच्या भिंतीतील जुनी शिळा चुन्याखाली गेली. ज्याच्यासाठी लढले ते साम्राज्य निघून गेले, आणि ज्या देशात परतले तो देश ओळख देण्यास कचरला, अशा दोन काळांच्या मध्ये हे सैनिक सापडले. त्यांची आठवण राखली ती प्रामुख्याने त्यांच्या घरांनी : ट्रंकेतील पदक, भिंतीवरची तसबीर आणि पणतूला पलटणीत धाडण्याची रीत यांच्या रूपाने.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रकार काही अंशी बदलला. ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत गाजविलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते. रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे आणि परिसरातील लोक त्यांचे स्मरण स्थानिक अभिमानाने करतात. साम्राज्याचे पदक आणि गावाची आपुलकी यांचा असा मेळ क्वचितच पडला.

जखमी सैनिकाचा प्रश्न

मृत सैनिकाला स्मारक पुरते असे क्षणभर मानले, तरी अपंग होऊन परतलेल्या सैनिकाला ते पुरत नाही. त्याला उपजीविका हवी असते. ही जाणीव महाराष्ट्रात पहिल्या महायुद्धाच्या काळात संस्थारूपाने प्रकटली. १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग भारतीय सैनिकांसाठी क्वीन मेरी तंत्रशाळा सुरू झाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे आली. हातपाय गमावलेल्या सैनिकांना येथे यंत्रकाम, शिवणकाम इत्यादी व्यवसायांचे शिक्षण देण्यात येऊ लागले. १९७१ च्या युद्धानंतर मणक्याला इजा झालेल्या जवानांची संख्या वाढल्याने १९७४ मध्ये खडकीतच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. चाकाच्या खुर्चीवरील जवानांना आयुष्यभराचा निवारा, उपचार, काम आणि खेळ यांची सोय तेथे आहे.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर परिसरातील हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये हायडलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, आणि क्रीडाक्षेत्रातील जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार २०२४ या वर्षासाठी, म्हणजे पदकानंतर अर्धशतक उलटून गेल्यावर.

स्वातंत्र्योत्तर काळ : कल्याणाकडून हक्काकडे

स्वतंत्र भारतात १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. शाळा-महाविद्यालयांतून आणि शासकीय कार्यालयांतून निधी गोळा होतो आणि तो युद्धविधवा, अपंग जवान व माजी सैनिक यांच्यासाठी खर्च होतो. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्य कार्यालय पुण्यात असून जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. त्यांच्यातर्फे सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे चालविली जातात. खेड्यातील जवानाचे मूल तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकू शकले, यात या वसतिगृहांचा वाटा मोठा आहे.

या कालखंडातील मूलभूत बदल मात्र निवृत्तिवेतनाच्या क्षेत्रात घडला. १९७१ च्या युद्धानंतर, फेब्रुवारी १९७२ मध्ये, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या पत्नींसाठी उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना लागू झाली. सामान्य कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा तिचा दर अधिक होता. सभासदाने नोंदविलेल्या निम्म्या वेतनाच्या कल्पनेला आधुनिक राज्याने दिलेले हे नियमबद्ध रूप म्हणता येईल. येथे सनद मागावी लागत नाही. नियमात बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ते देणे राज्यावर बंधनकारक असते.

त्याच सुमारास दुसरी एक घटना उलट दिशेने घडली. १९७३ मध्ये, तिसऱ्या वेतन आयोगाच्या काळात, जवानांचे निवृत्तिवेतन वेतनाच्या ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आले. मुलकी कर्मचारी साठीच्या उंबरठ्यापर्यंत नोकरीत राहतो. जवान मात्र बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो, कारण लष्कराला तरुण शिपाई लागतात. मुलांची शिक्षणे व्हायची असतात, आईवडील थकलेले असतात, नेमक्या त्या वयात त्याचे वेतन थांबते. त्यातच समान हुद्द्याच्या, समान सेवेच्या दोन माजी सैनिकांना केवळ निवृत्तीची तारीख वेगळी म्हणून वेगवेगळे निवृत्तिवेतन मिळू लागले. यातून ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी पुढे आली.

ही मागणी दीर्घकाळ रेंगाळली. २००९ मध्ये अनेक माजी सैनिकांनी आपली पदके राष्ट्रपतींकडे परत केली. कृतज्ञतेच्या इतिहासात या कृतीचे महत्त्व मोठे आहे. गौरवाचे चिन्ह परत करून त्यांनी, गौरव आणि न्याय या भिन्न गोष्टी आहेत, हे सांगितले. राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये मागणीच्या बाजूने अहवाल दिला. २०१५ च्या उन्हाळ्यात दिल्लीत जंतरमंतर येथे आंदोलन झाले आणि ७ नोव्हेंबर २०१५ रोजी शासनाने १ जुलै २०१४ पासून लागू होणारी योजना जाहीर केली. दर पाच वर्षांनी फेरआढावा घेण्याची तरतूद तीत आहे. फेरआढाव्याच्या कालावधीवरून व सूत्रावरून मतभेद न्यायालयात गेले. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे धोरण ग्राह्य धरले, तसेच थकलेला फेरआढावा घेण्याचेही निर्देश दिले. कुटुंब निवृत्तिवेतनधारकांनाही या योजनेचा लाभ मिळतो. याआधी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली होती.

वीरपत्नी : शिळेपासून स्वाक्षरीपर्यंत

हक्क मान्य झाला तरी त्यात अटी दडलेल्या असतात. शौर्यपदकासोबत मिळणारा मासिक भत्ता सैनिकाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीला मिळे. परंतु तिने पुनर्विवाह केल्यास तो थांबत असे. पतीच्या भावाशी विवाह केला तरच तो चालू राही. म्हणजे राज्याची कृतज्ञता तिने सासरच्या चौकटीत राहण्यावर अवलंबून होती. सतीशिळेच्या काळाशी याची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल; पण वीराच्या पत्नीने वीराचीच होऊन राहावे, ही अपेक्षा दोन्हींत आढळते. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द झाली.

दुसरी अडचण कागदाची आहे. जवानाने विवाहाची आणि मुलांच्या जन्माची नोंद पलटणीत करावयाची असते. सैनिकांच्या बोलीत तिला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. महाराष्ट्रात विवाहानंतर वधूचे नाव बदलण्याची प्रथा आहे. त्यामुळे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे नाव शिधापत्रिकेवर आणि पलटणीत तिसरेच, असा प्रकार संभवतो. पतीच्या पश्चात ती एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्याचे काम तिला स्वतः करावे लागते. त्यासाठी तहसील, बँक आणि सैनिक कल्याण कार्यालय यांच्याकडे खेपा घालाव्या लागतात. अलीकडे ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीमुळे निवृत्तिवेतन थेट खात्यात जमा होते. तथापि दरवर्षी हयातीचा दाखला देण्याचे काम दुर्गम वाडीवरील वृद्ध स्त्रीला आजही सोपे नाही.

तिसरी बाब सातत्याची. जुलै २०१७ मध्ये शहीद व अपंग सैनिकांच्या मुलांच्या शैक्षणिक सवलतीवर दरमहा दहा हजार रुपयांची मर्यादा घालण्यात आली. तिच्याविरुद्ध सर्व थरांतून नाराजी व्यक्त झाल्यावर मार्च २०१८ मध्ये ती काढून टाकण्यात आली. रक्कम मोठी नव्हती. परंतु हक्क लिहून ठेवल्यानंतरही त्याची राखण करावी लागते, हे या प्रसंगाने दाखविले.

याच काळात वीरपत्नीची प्रतिमाही बदलत गेली. सातारा जिल्ह्याचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरमधील कुपवाडा येथे वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाच्या अटीत सवलत मिळवून प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. वीराच्या पत्नीने केवळ मदत स्वीकारणारी न राहता स्वतः गणवेश चढविला. सतीशिळेवरील बांगड्यांच्या हातापासून अधिकाऱ्याच्या सलामीच्या हातापर्यंतचे हे अंतर मराठी समाजाच्या इतिहासाचाही एक मापदंड आहे.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रात सैनिकविषयक कृतज्ञता स्मारक, अनुग्रह आणि हक्क अशा तीन रूपांनी व्यक्त झाली. ही रूपे एकापाठोपाठ एक न येता अनेकदा एकाच काळात शेजारीशेजारी नांदली.

२. स्मारक हे कृतज्ञतेचे सर्वांत सोपे रूप आहे. ते पुढील वर्तनाची हमी देत नाही. कोरेगावचा स्तंभ उभा असतानाच १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

३. नामोल्लेखाला स्वतंत्र मूल्य आहे. नाव नसलेला वीरगळ, आकडा असलेली ग्रामशिळा आणि बसरा स्मारकावरील संख्या यांनंतर, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्लीत राष्ट्राला अर्पण झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकावर स्वातंत्र्योत्तर काळातील २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरली गेली. महायुद्धांतील मराठी सैनिकांची गावनिहाय नावे संकलित करणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील शिल्लक राहिलेले काम आहे.

४. सैनिकाचे कुटुंब या परंपरेत सर्वांत उशिरा हक्कदार म्हणून मान्य झाले. सभासदाच्या बखरीतील निम्म्या वेतनाची नोंद पाहता ही कल्पना मराठी परंपरेला परकी नव्हती. तिला कायमस्वरूपी नियमाचा आधार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच लाभला.

५. सैनिकांनी आणि त्यांच्या वंशजांनी ज्या ज्या वेळी अर्ज केले, आंदोलने केली वा पदके परत केली, त्या त्या वेळी त्यांनी दया मागितली नाही, वचनपूर्ती मागितली.

सैनिकाच्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालणे उचितच आहे. परंतु त्याच गावातील वीरमाता हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी असेल, तर तिचे काम वेळेवर करून देणारा कारकून, तिचा अर्ज लिहून देणारा शिक्षक आणि तिला कार्यालयापर्यंत नेणारा शेजारी हेही कृतज्ञतेचेच कार्य करीत असतात. भिंतीतील शिळेवरचा चुना खरवडून काढणे आणि तिच्या अर्जावर वेळेत सही होणे, ही दोन्ही कामे समाजाने एकाच निष्ठेने केली, तर वीरगळांपासून चालत आलेल्या या परंपरेला पूर्णत्व येईल.